वनचरांची हजेरी

रानांतील श्वापदांविषयीं जें जुनें वाङ्मय आपल्या हातीं आहे, तें बहुतेक शिकाऱ्यांनीं लिहिलेलें आहे. वाघ किती लांब भरला, मचाण किती उंच होतें, गोळी कोठें लागली, हा तपशील त्यांत मुबलक सांपडतो. पण गोळी लागण्यापूर्वीं तो वाघ काय करीत होता, कोठून आला होता, त्याच्यामागें कोणी पोरकें झालें कीं काय, याचा उल्लेख क्वचितच येतो. मेलेल्या जनावराचें माप घेणें सोपें. जिवंत जनावराची ओळख करून घेणें अवघड. ही ओळख मनुष्यानें कशी करून घेतली, त्यासाठीं कोणतीं साधनें शोधलीं, आणि त्या ओळखीचा पुढें उपयोग काय झाला, हा इतिहास मी आज आपणांस थोडक्यांत सांगणार आहें. तो मुख्यतः कॅमेऱ्याचा इतिहास आहे. माझा सारा जन्म शाळेंत गेल्यामुळें कोणतीहि गोष्ट मला हजेरीपटाच्या भाषेंत सुचते. तेव्हां असें म्हणेन कीं, रानांतल्या प्राण्यांची खरी हजेरी मनुष्याला कशी घेतां येऊं लागली, त्याची ही हकीकत आहे.

निरीक्षणाची आवड कांहीं कॅमेऱ्याबरोबर जन्मास आली नाहीं. बादशहा जहांगीर याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या पदरीं सारस पक्ष्यांची एक जोडी होती व तिला त्यानें लैला आणि मजनू अशीं नांवें दिलीं होतीं. या जोडीचा संसार त्यानें स्वतः पाहिला. मादीनें अंडीं केव्हां घातलीं, नरमादी आळीपाळीनें तीं कशीं उबवीत, एकानें उठावें व दुसऱ्यानें बसावें तें कसें, हें सारें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत नोंदवून ठेवलें आहे. त्याच्या दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानें काढलेलें पांढऱ्या सायबेरियन क्रौंचाचें चित्र कलकत्त्याच्या संग्रहालयांत आहे. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या पक्ष्याला शास्त्रीय नांव दिलें तें १७७३ सालीं. मन्सूरचा कुंचला त्याच्या सुमारें दीडशें वर्षें आधीं त्यावरून फिरला होता.

परंतु याच बादशहानें आपल्या शिकारीचाहि हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राणी मारले गेले व त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातीं मारले. म्हणजे एकाच माणसाजवळ दोन वह्या होत्या. एका वहींत दोनच पक्षी, पण त्यांना नांवें होतीं, घर होतें, पिलें होतीं. दुसऱ्या वहींत हजारों प्राणी, पण ते केवळ आंकडे. पुढील तीनशें वर्षांत ही दुसरी वही फुगत गेली आणि पहिली बहुतेक कोरीच राहिली. ती पुन्हा उघडली गेली ती कॅमेऱ्यामुळें.

१८३९ सालीं छायाचित्रणाची कला जगापुढें आली. पण पुढील तीसचाळीस वर्षें ती वन्य प्राण्यांपर्यंत पोंचूं शकली नाहीं. कारण उघड आहे. कांच ओली असतांनाच तिच्यावर चित्र घ्यावें लागे, तेथल्या तेथें ती धुवावी लागे, आणि समोरच्या मनुष्याला कित्येक सेकंद मान न हलवतां बसावें लागे. खुर्चीवर बसलेल्या गृहस्थाला जें जमत नसे, तें हरणाला कोण सांगणार? १८७० नंतरच्या दशकांत जिलेटिनच्या कोरड्या कांचा निघाल्या आणि क्षणार्धांत चित्र घेतां येऊं लागलें. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज नांवाच्या छायाचित्रकारानें धांवत्या घोड्याच्या वाटेला लागून बारा कॅमेरे ओळीनें मांडले व त्यांचे दोरे वाटेवर आडवे ताणले. घोडा दौडत जाई तसतसा एकेक दोरा ओढला जाई, एकेक कॅमेरा उघडे, आणि घोडा जणूं स्वतःच आपलें चित्र काढी. हा आडवा दोरा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; हिमालयाच्या पायथ्याशीं तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

यानंतर चार वर्षांनीं, म्हणजे १८८२ सालीं, मारे नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचाच कॅमेरा तयार केला. दस्ता खांद्याला लावावयाचा, उडत्या पक्ष्यावर नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा. एका सेकंदांत बारा चित्रें उमटत. पक्ष्याचे पंख कसे हालतात याचा अभ्यास त्याला करावयाचा होता. चाप ओढल्यावरहि पक्षी उडतच राही, अशी ही अपूर्व बंदूक होती. छायाचित्रण आणि शिकार यांचें नातें किती जवळचें आहे, हें यावरून दिसून येईल. इंग्रजी भाषेंत छायाचित्र घेण्याला आजहि गोळी झाडण्याचेंच क्रियापद आहे. आपल्याकडेहि छायाचित्रकार मचाणावर बसतो आणि माग काढतो. हे शब्द त्यानें शिकाऱ्याकडूनच घेतले. शब्दांबरोबर शिकाऱ्याचे कांहीं गुण त्याच्याकडे आले आणि कांहीं दोषहि आले. गुण आधीं सांगतों.

पहिला गुण दबा धरून बसण्याचा. इंग्लंडांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनीं १८९२ सालीं एका पक्ष्याच्या घरट्याचें आंतील अंड्यांसह छायाचित्र घेतलें आणि १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांसह पुस्तक प्रसिद्ध केलें. पक्षी माणसाला भितात, चरत्या बैलाला भीत नाहींत, हें ओळखून त्यांनीं बैलाचें कातडें आंतून पोकळ ठेवून उभें केलें आणि त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरून ते माळावर तिष्ठत राहूं लागले. हें ऐकून हसूं येतें खरें. पण या पेंढ्याच्या बैलाच्या पोटीं एक मोठें तत्त्व होतें. आपण तेथें नसतों तर प्राणी जसा वागला असता, तसाच तो आपल्या समोर वागला पाहिजे, तरच तें निरीक्षण खरें. आपली चाहूल लागून जो पळाला, त्याचें चित्र म्हणजे त्याच्या भीतीचें चित्र होय.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. जॉर्ज शायरस हा गृहस्थ कायदेपंडित होता आणि पूर्वींचा शिकारीहि होता. रात्रीं होडीच्या नाळेवर दिवा लावून तळ्याच्या कांठीं आलेल्या हरणांचे चमकणारे डोळे हेरावयाचे व त्यांच्या रोखानें गोळी घालावयाची, अशी तिकडे एक जुनी रीत होती. शायरसनें होडी तीच ठेवली, दिवाहि तोच ठेवला. बंदुकीच्या जागीं कॅमेरा आणला आणि उजेडासाठीं मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका केला. तारेला पाय लागून प्राण्यानें आपलें चित्र आपणच काढावें, ही युक्तीहि त्यानें रानांत योजून पाहिली. १९०६ सालच्या जुलै महिन्यांत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें त्याचीं ७४ छायाचित्रें एकदम छापलीं. तेव्हां त्या संस्थेच्या संचालकांपैकीं दोघांनीं राजीनामे दिले. शास्त्रीय मासिकाचें चित्रांचें पुस्तक होत चाललें, ही त्यांची तक्रार. लोकांना मात्र रात्रीच्या अंधारांत पाणवठ्यावर उभीं असलेलीं हीं हरणें फार आवडलीं. याच शायरसनें १९०४ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळांत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचें विधेयक मांडलें होतें. ज्याला पाहण्याची गोडी लागली, त्याला राखण्याची काळजी लागतेच, याचा हा एक दाखला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील मोठीं रानें म्हणजे संस्थानिक आणि गोरे अंमलदार यांचें शिकारीचें मैदान होतें. हत्तींची रांग, हांका घालणाऱ्यांचा गलका आणि शेवटीं मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या साहेबांचें छायाचित्र, हा त्या काळचा शिरस्ता. कॅमेरा तेव्हांहि रानांत होता. पण त्याच्यापुढें येणारा वाघ मेलेला असे. हा शिरस्ता मोडणारा मनुष्य जंगलखात्यांतच निघाला. त्याचें नांव एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. संयुक्त प्रांतांत शिवालिक टेकड्यांच्या आसपासच्या रानांत त्याची नोकरी होती. वाघ मारण्याची संधि त्याला हवी तेवढी होती. त्यानें ती घेतली नाहीं. जिवंत वाघाचें, त्याच्या स्वतःच्या रानांत, त्याच्या स्वतःच्या चालीनें जातांनाचें चित्र घ्यावयाचें, हा ध्यास त्यानें घेतला.

दिवसा तो हत्तीवरून कॅमेरा घेऊन फिरे. पण वाघ हा मुख्यतः रात्रीं हिंडणारा. म्हणून तो आडवा दोरा आणि ती मॅग्नेशियमची पूड यांचा त्यानें आश्रय केला. वाघाच्या नेहमींच्या पायवाटेवर बारीक तार लावावयाची, तिचें टोंक कॅमेऱ्याला व पुडीच्या डबीला जोडावयाचें, आणि आपण निघून जावयाचें. रात्रीं कोणीतरी येतो, तारेला पाय लागतो, लख्ख उजेड पडतो आणि कांचेवर चित्र उमटतें. सांगायला हें चार वाक्यांत झालें. पण वाघाच्या वाटेनें वाघच येतो असें नाहीं. सांबर येतें, साळिंदर येतें, अस्वल येतें. एका रात्रीचा खटाटोप एका चित्रासाठीं, आणि तें चित्र कोणाचें, हें सकाळीं कांच धुतल्यावर कळावयाचें. अशी कित्येक वर्षें गेलीं. १९२५ सालच्या ऑक्टोबरांत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकानें त्याचीं वाघांचीं छायाचित्रें गाजावाजा करून छापलीं. १९२७ सालीं त्याचें ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें.

या छायाचित्रांची थोरवी केवळ त्यांच्या सौंदर्यांत नाहीं. एकाच वाटेवरचीं निरनिराळ्या रात्रींचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवल्यावर चॅम्पियनला दिसून आलें कीं, कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. गालावरची रेघ, खांद्यावरचा फाटा, कुशीवरचें जोडपट्टीचें वळण हीं ज्याचीं त्याला. शाळेंत नवा शिक्षक पहिल्या दिवशीं वर्गांत शिरतो तेव्हां त्याला चाळीस डोकीं दिसतात. महिन्याभरानें त्याला चाळीस मुलें दिसूं लागतात. वाघांच्या बाबतींत मनुष्यजातीचा तो महिना चॅम्पियननें पुरा केला. तोंवर रानांत ‘वाघ’ होता. आतां हा वाघ, तो वाघ, परवा ओढ्यावर आलेली वाघीण, असें म्हणतां येऊं लागलें. आणि ज्याची ओळख पटली, त्याच्यावर बंदूक रोखतांना हात थोडा अडखळतोच. मोटारींतून केली जाणारी शिकार आणि बंदुकांच्या परवान्यांची खैरात यांविरुद्ध चॅम्पियननें सडकून लिहिलें, तें यामुळेंच.

या छायाचित्रांची मोहिनी ज्यांच्यावर पडली, त्यांत कुमाऊंचा जिम कॉर्बेट हा एक होता. नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून त्याचें नांव घरोघर माहीत आहे. पण उत्तरवयांत त्यानें चित्रपटाचा कॅमेरा हातीं घेतला. कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ बुजतात, हें पाहून त्यानें एका ओढ्यावर लहानलहान बंधारे घातले. त्यांवरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजांत कॅमेऱ्याचा आवाज बुडून गेला. त्या जागीं त्याला एकाच वेळीं सात वाघ टिपतां आले. १९४४ सालीं निघालेल्या आपल्या पहिल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शेवटीं त्यानें चॅम्पियनचें ऋण मान्य केलें असून, कातडें तें मिळवणाऱ्या एकट्याला सुख देतें, चांगलें छायाचित्र मात्र रानावर प्रेम करणाऱ्या सर्वांना देतें, असा अभिप्राय दिला आहे. १९३६ सालीं हिंदुस्थानांतलें पहिलें राष्ट्रीय उद्यान त्याच भागांत स्थापन झालें. आज त्याला कॉर्बेटचेंच नांव आहे.

रानाप्रमाणेंच पाणथळींचीहि कथा आहे. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेवाचें एक देऊळ आहे. त्याच्या भोंवतींच्या सखल जमिनींत पाणी सोडून संस्थानिकांनीं बदकांच्या शिकारीसाठीं मोठी पाणथळ राखली होती. तेथें एक दगडी शिलालेख आहे. शिलालेख म्हटला कीं आपल्याला दानपत्र किंवा विजयप्रशस्ति आठवते. या दगडावर मात्र कोणत्या दिवशीं, कोणाच्या सन्मानार्थ, किती पक्षी मारले, याची यादी आहे. ता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या भेटीच्या वेळीं एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. जहांगीराची दुसरी वही येथें दगडावर कोरली गेली आहे.

त्याच काळीं मुंबईंत पहिल्या वहीचा अभ्यास चालला होता. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशीं बालपणापासून जोडले गेलेले डॉ. सलीम अली यांनीं १९४१ सालीं ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध केलें आणि सामान्य सुशिक्षित माणसाच्या हातीं पक्ष्यांची ओळख करून घेण्याचें साधन दिलें. १९४२ सालीं सिंगापूर जपान्यांच्या हातीं पडलें तेव्हां लोक वान थो नांवाचा तेथील एक तरुण धनिक आश्रयार्थ हिंदुस्थानांत आला. मुंबईंत त्याची व सलीम अलींची गांठ पडली, आणि दोघांनीं मिळून पक्ष्यांच्या मागें देशभर भ्रमंती केली. लपणांत तासन्‌तास बसून लोक यानें घेतलेलीं पक्ष्यांचीं छायाचित्रें १९५७ सालच्या त्याच्या ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ या पुस्तकांत आहेत. सलीम अली आदि पक्षिमित्रांच्या खटपटीनें भरतपूरची पाणथळ प्रथम अभयारण्य, पुढें राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ सालीं जागतिक वारशांत गणली गेली.

मन्सूरनें रंगवलेला तो पांढरा क्रौंच सायबेरियांतून दर हिंवाळ्यांत याच पाणथळींत उतरत असे. २००१-०२ च्या हिंवाळ्यानंतर तो तेथें आला नाहीं. दूरच्या वाटेवर त्याची शिकार झाली, त्याच्या उतरण्याच्या जागा आटल्या. ज्या पक्ष्याला आपल्याकडे चारशें वर्षांपूर्वीं चित्रांत स्थान मिळालें, त्याला आज येथें केवळ चित्रांतच पाहावें लागतें. ओळख असणें हें रक्षणाचें पहिलें पाऊल आहे. तें शेवटचें नव्हे, एवढें या क्रौंचानें आपल्याला शिकवलें.

आतां वाघांच्या हजेरीकडे येतों, कारण या इतिहासाचा खरा कस तेथें लागला. १९७२ सालीं देशभर वाघांची पहिली मोजणी झाली. ती भरली १,८२७. त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभींच्या नऊ राखीव क्षेत्रांत आपला मेळघाट होता. वाघ मोजण्याची त्या वेळची रीत पावलांच्या ठशांवर उभी होती. धुळींत उमटलेल्या पंजावर कांच धरावयाची, तिच्यावरून ठशाची रेघ उतरवून घ्यावयाची, आणि ठसे निराळे दिसले तर वाघ निराळे मानावयाचे. मागावरून जनावराची जात, चाल, वेळ ओळखणें ही आपल्या वनवासी वाटाड्यांची अस्सल विद्या आहे. तिला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. पण ओल्या मातींत एक ठसा उमटतो, कोरड्या धुळींत दुसरा. तोच वाघ सावकाश चालला तर एक, वेगानें गेला तर वेगळा. वर्गाबाहेर काढलेल्या पादत्राणांवरून हजेरी मांडण्याचाच हा प्रकार. त्यांतून आंकडा वर न्यावयाचा मोह वरपासून खालपर्यंत कोणालाहि पडूं शकतो. रिकाम्या बांकावरच्या मुलाला हजर मांडलें तर वहींत वर्ग भरलेलाच दिसतो.

याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. राजस्थानांतील सरिस्का हें नामांकित व्याघ्रक्षेत्र. कागदावर तेथें वाघ होते. २००४ च्या अखेरीस कोणाला वाघ दिसेना. २००५ सालीं कसून शोध घेतला तेव्हां तेथें एकहि वाघ उरला नाहीं, असें ठरलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते संपवले होते. पट भरलेला आणि वर्ग रिकामा, असा हा प्रसंग. पुढें मध्य प्रदेशांत पन्ना येथेंहि तीच गत झाली. वाघ गेले हें दुःख मोठें. पण ते जात असतां वहींत ते हजर लागत होते, ही गोष्ट त्याहून अधिक लाजिरवाणी.

चॅम्पियनचा आडवा दोरा येथें पुन्हा उपयोगी पडला. कर्नाटकांतील उल्हास कारंथ हे यांत्रिकी शिकलेले गृहस्थ वन्यजीवांच्या शास्त्राकडे वळले होते. १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत नागरहोळेच्या जंगलांत वाटांच्या दोहों बाजूंस त्यांनीं आपोआप चालणारे कॅमेरे लावले. दोहों बाजूंस अशासाठीं कीं, वाघाच्या उजव्या कुशीचे पट्टे डाव्या कुशीच्या पट्ट्यांशीं जुळत नाहींत. एकीकडूनच चित्र घेतलें तर एका वाघाचे दोन होतील. आतां तारेचीहि जरूर राहिली नाहीं. जनावराच्या अंगच्या उष्णतेनें कॅमेरा जागा होतो.

पण सर्वच वाघ कांहीं कॅमेऱ्यापुढून जात नाहींत; मग न दिसलेल्यांची गणती कशी करावी? यामागील गणित सोपें करून सांगतों. एका डब्यांत वाल आहेत. किती, तें ठाऊक नाहीं. वीस वाल काढा, त्यांवर खूण करा, परत टाका आणि डबा चांगला हालवा. आतां पुन्हा वीस काढा. त्यांत पांच खुणेचे निघाले, म्हणजे चारांत एक खुणेचा. खुणेचे एकंदर वीस, तेव्हां डब्यांत सुमारें ऐंशीं वाल असावेत. वाघाला खूण करावी लागत नाहीं. त्याचे पट्टे हीच त्याची खूण. पहिल्या खेपेस ओळखलेले किती वाघ दुसऱ्या खेपेस पुन्हा दिसले, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतां येतो. प्रत्यक्षांतलें गणित याहून पुष्कळ किचकट आहे, पण त्याचें बीज हेंच.

सरिस्काच्या धक्क्यानंतर सरकारनें ठशांची रीत सोडून ही रीत पत्करली. २००१-०२ च्या मोजणींत देशांत ३,६४२ वाघ सांगितले होते. २००६ मध्यें नव्या रीतीनें आंकडा निघाला १,४११. दोन्ही रीती भिन्न असल्यामुळें या आंकड्यांची सरळ वजाबाकी करणें बरोबर नाहीं. पण जो आंकडा सांगावयास जड गेला, तो सांगितला गेला, हें महत्त्वाचें. २०१८ च्या मोजणींत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते व त्यांनीं साडेतीन कोटींच्या जवळपास छायाचित्रें घेतलीं. त्यांतलीं वाघांचीं ७६,६५१ निघालीं. कॅमेरे लावून केलेली जगांतील सर्वांत मोठी पाहणी म्हणून तिची विक्रमांत नोंद झाली. २०२२ च्या मोजणींतून देशांत सरासरीनें ३,६८२ वाघ असावेत असा अंदाज निघाला. मुंबईकरांना जवळचा दाखला हवा असेल तर तोहि आहे. २०१५ सालीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासचा भाग मिळून ठिपक्यांवरून ३५ बिबळे ओळखले गेले. लोकलगाडींतून उतरून घरीं जाणाऱ्या लाखों माणसांच्या शेजारीं हे पस्तीस शेजारी रात्रीं हिंडत होते. प्रत्येकाची ओळख पटली म्हणजे निष्कारण भीति कमी होते, आणि सकारण काळजी कोठें घ्यावी तेंहि कळतें.

येथवर शिकाऱ्याच्या गुणांचें सांगितलें. आतां त्याच्या वारशांतल्या दोषांविषयीं बोललें पाहिजे. शिकाऱ्याला कातड्याचा हव्यास होता. तोच हव्यास छायाचित्राचा झाला, तर हातांतलें यंत्र बदललें, मन तेंच राहिलें. घरट्याचें चित्र चांगलें यावें म्हणून आड येणारी फांदी तोडावी, आणि मागाहून उन्हानें पिलें मरावीं किंवा कावळ्यानें तीं नेमकीं हेरावीं, असें घडत आलेलें आहे. १९७२ च्या आपल्या कायद्यानें शिकार या शब्दाची जी व्याख्या केली, तींत पक्ष्यांचीं अंडीं किंवा घरटीं यांना उपद्रव देणें हेंहि घातलें आहे. म्हणजे घरटें विसकटून चित्र घेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें शिकारीच ठरतो. मला हें कलम फार मार्मिक वाटतें.

वाघांच्या बाबतींतहि हाच प्रकार. २०२४ सालच्या अखेरीस उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यांत पर्यटकांच्या गाड्यांनीं एका वाघिणीची आणि तिच्या पांच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनीं अडवली. त्याचीं चित्रें सर्वत्र फिरलीं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें स्वतःहून या गोष्टीची दखल घेतली. पूर्वीं हांका घालून वाघाला बंदुकीसमोर आणीत. येथें गाड्यांनीं त्याला कॅमेऱ्यांसमोर कोंडलें. गोळी सुटली नाहीं, एवढाच फरक. पण बछड्यांना घेऊन निघालेल्या आईची वाट अडते तेव्हां तिचें पाणी, तिचें सावज, तिची विश्रांति, सारें अडतें. कीर्टन बंधु बैलाच्या पोटांत शिरले ते आपली चाहूल लागूं नये म्हणून; आणि आपण मात्र वीस गाड्यांची चाहूल बरोबर घेऊन रानांत जातों!

तेव्हां या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाचें सार काय? कॅमेऱ्यानें बंदुकीपासून तिची हिंमत, तिची चिकाटी घेतली आणि त्यांच्या जोरावर वन्य प्राण्याला चेहरा दिला. चेहरा मिळाल्यानें त्याची गणती खरी झाली. आणि गणती खरी झाली म्हणूनच तो नाहींसा होत असतां आपल्याला वेळेवर कळूं शकतें. ज्या दिवशीं हा कॅमेरा प्राण्याची ओळख सोडून पाहणाऱ्याच्या फुशारकीच्या सेवेला लागेल, त्या दिवशीं जहांगीराची दुसरी वही पुन्हा भरूं लागेल. फरक इतकाच कीं तींत कातड्यांऐवजीं चित्रें असतील.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आतां कॅमेरा आहे. निदान खिशांतल्या दूरध्वनींत तरी तो आहेच. सुटींत मुलांना घेऊन आपण ताडोब्यास जाल, नांदूर-मधमेश्वरास जाल, ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी पाहण्यास जाल. अवश्य जावें. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ आणि मारुति चितमपल्लींचें लेखन मुलांनीं आधीं वाचलेलें असेल तर फारच उत्तम. बंदुकीवांचून रान कसें पाहावें, तें या दोघांनीं मराठी वाचकाला दाखवून दिलें आहे. तेथें गेल्यावर मुलांना एवढेंच सांगावें कीं, कॅमेरा थोडा उशिरानें काढा, आधीं डोळ्यांनीं पाहा. पक्षी मान वर करून आपल्याकडे पाहूं लागला तर दोन पावलें मागें या. घरीं परतल्यावर किती चित्रें मिळालीं हें विचारूं नये; कोण भेटलें, तें काय करीत होतें, आपण निघालों तेव्हांहि तें तेंच करीत होतें काय, हें विचारावें. या शेवटच्या प्रश्नाला मुलानें ‘होय’ असें उत्तर दिलें, तर त्याची सहल सफळ झाली असें समजावें.